जोडी तीच, गोष्ट नवी

मैत्रिणींनो,

गेल्या आठवड्याच्या टपालात कोकणातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक पत्र आलं. चांगलं चार पानी. पहिल्या तीन पानांत कोकमं, आंबे, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंचे गुडघे. खरी गोष्ट चौथ्या पानावर, तीही अगदी तळाशी. आपल्या बायकांचं हे असंच असतं. मनातलं सांगायचं असलं की आधी सगळं घर सांगून व्हावं लागतं. भगिनींनी नाव छापू नका म्हणून बजावलं आहे, तेव्हा छापत नाही.

त्या लिहितात, "ताई, लग्नाला सतरा वर्षं झाली. माणूस चांगला आहे. व्यसन नाही, पगार घरात येतो, कधी अंगावर हात टाकला नाही. दुपारी सगळं आवरलं की मी जुने सिनेमे बघते. त्यात फारुख शेख आणि दीप्ती नवल असले की माझं भान हरपतं. परवा 'चश्मेबद्दूर' पाहिला. कितव्यांदा ते सांगत नाही, तुम्ही हसाल. आणि रात्री ह्यांना वाढताना एकाएकी रडू आलं. हे म्हणाले, कांदा चिरत होतीस का? मी हो म्हटलं. ताई, ह्या वयात हे असं होणं म्हणजे माझंच काही चुकतंय का?"

नाही हो, काही चुकत नाही. पण पत्र बाजूला ठेवून मी बराच वेळ विचार करत बसले. कारण ही गोष्ट एकट्या त्यांची नाही. तुमची आहे, माझीही आहे.

पडद्यावरची एखादी जोडी आपल्याला आवडते आणि तीच जोडी पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते, हे काही आजचं नाही. आपल्या मराठीत अशोक सराफ आणि रंजना यांची जोडी होती. 'गोंधळात गोंधळ' (१९८१) किंवा 'बिनकामाचा नवरा' (१९८४) आठवा. ती दोघं समोरासमोर उभी राहिली की संवाद सुरू व्हायच्या आधीच थिएटरात हसू फुटायचं. १९८७ साली रंजनांना अपघात झाला, ती जोडी तिथेच थांबली आणि २००० साली त्या गेल्या. तरी अजून कुठे तो सिनेमा लागला की हातातलं काम तसंच राहतं. तिकडे अमेरिकेतही स्पेन्सर ट्रेसी आणि कॅथरीन हेपबर्न ही जोडी १९४२ ते १९६७ या काळात नऊ सिनेमांतून लोकांनी आवडीनं पाहिली. तेव्हा बाईचं मन इथूनतिथून सारखंच!

आता तीच जोडी पुन्हा का हवी? सिनेमा नवा, मग माणसंही नवी बघावीत की. पण श्रावणातली कहाणी आपण दरवर्षी ऐकतोच ना? शेवटी काय होणार हे घरातल्या धाकट्या पोरालाही ठाऊक असतं. तरी हातात तांदूळ घेऊन आपण ऐकतो. काय होणार याची काळजी नसली की कसं होतं हे बघायला मन मोकळं राहतं. ओळखीच्या जोडीचंही तसंच. त्यांची ओळख करून घ्यायला नको, ती एकमेकांना शोभतात का हे ठरवायला नको. ते भांडू लागले तरी आपण चिवडा खात बसून राहतो, कारण भांडण मिटणार हे ठाऊक असतं.

आणि भगिनींनो, सुख असतं ते त्या भांडणातच. आपल्या घरात शब्दाला शब्द वाढला की पोटात गोळा येतो. पडद्यावर तो येत नाही. भांडूनही काही मोडणार नाही, ही खात्री दोन-अडीच तास उसनी मिळते. ती हवीशी का वाटणार नाही?

पण आपल्या कोकणातल्या भगिनींना रडू आलं ते भांडणानं नव्हे. म्हणून मी तो सिनेमा परत एकदा लावून बसले. (आमचे हे म्हणाले, "काम म्हणून सिनेमा बघतेस, मजा आहे!")

'चश्मेबद्दूर' १९८१ चा. सई परांजपे यांनी काढलेला. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र. दोघं उनाड, तिसरा सिद्धार्थ पुस्तकात डोकं खुपसलेला. दारोदार साबणाची पावडर विकत एक मुलगी येते. पावडरीचं नाव चमको. दोघं मित्र तिच्याबद्दल आधीच थापा मारून चुकलेले, म्हणून ते लपतात आणि दार उघडावं लागतं बिचाऱ्या सिद्धार्थला. ती पाणी मागते, पावडर घालते, फेस करून दाखवते आणि हा तो फेस असा बघत राहतो की जणू काही ताजमहाल बघतो आहे.

आता मला सांगा, बादली, मळका कपडा आणि साबणाचा फेस. ह्यात नवल ते काय? तुम्ही-आम्ही रोज हेच करतो. कुणी उभं राहून बघतं का? तो बघतो. ती काय सांगते ते सगळं ऐकतो आणि मग प्रश्न विचारतो. पुढे बागेतल्या टेबलाशी बसून आइस्क्रीम आणि कॉफी घेतात, तेव्हाही ती बोलते आणि हा ऐकतो. दागिना नाही, मोटार नाही, थंड हवेचं ठिकाण नाही. त्या माणसाचं लक्ष तिच्याकडे आहे, एवढंच.

रडू आलं ते ह्याचं. कोकणातल्या ताईंना फारुख शेख नको आहे. सतरा वर्षं जी धुणी आपण धुतली, त्यांतल्या एखाद्या तरी बादलीशी कुणी दोन मिनिटं उभं राहायला हवं होतं, असं वाटलं. हे वाटणं वाईट कसं म्हणायचं?

पण आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई गोड बोलून मोकळ्या झाल्या.

१९८३ साली आमचं लग्न नुकतंच झालं होतं. 'कथा' लागला होता. सई परांजप्यांचाच. मूळ 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून केलेला, मुंबईच्या चाळीतला. तीच जोडी म्हटल्यावर मी अबोली माळून हौसेनं गेले. आणि बघते तर काय! फारुख शेख झालेला बाशू. गोड बोलणारा, थापाड्या, सगळ्या चाळीला गुंडाळणारा. दीप्ती नवलची संध्या त्याला भुलते, लग्न ठरतं आणि हा बेटा ऐन वेळी पळून जातो. तिच्यावर मनोमन प्रेम करणारा साधा कारकून राजाराम, म्हणजे नसीरुद्दीन शाह, तो शेवटी तिच्यापाशी उभा राहतो. मला इतका राग आला, इतका राग आला की घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे दारात चपला काढताना म्हणाले, "अगं, पळाला तो फारुख शेख. माझ्यावर का राग?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. सिद्धार्थ आणि बाशू, दोघांचा चेहरा एकच, हसणं एकच, ते मऊ बोलणंही एकच. पहिल्या सिनेमात ज्या बोलण्यावर आपण विश्वास टाकला, त्याच बोलण्यानं दुसऱ्यात फसलो. आधीची जोडी आपल्या मनात पक्की होती म्हणूनच तो घाव लागला. सईबाईंनी केवढी मोठी गोष्ट किती हसत हसत सांगितली पाहा. गोड बोलणारा प्रत्येक जण ऐकणारा असतोच असं नाही. आणि राजारामसारख्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याचं लक्ष नसतं असंही नाही. "कांदा चिरत होतीस का?" असं विचारणारा माणूस कोणत्या जातकुळीचा, हे कोकणातल्या ताईंनी जरा ठरवून पाहावं. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसलं तरी होतं. कित्येक घरांत तेही दिसत नाही.

हीच जोडी १९८२ च्या 'साथ साथ' मध्येही आहे. तो काही विनोदी सिनेमा नाही, पण आपल्या विषयाला तो हवा. कारण त्यात लग्न मध्येच होऊन जातं. इतर सिनेमे लग्नाशी संपतात, मग पाटी लागते आणि आपण उठतो. इथे संसार सुरू होतो. ध्येयवादी अविनाश, श्रीमंत घर सोडून आलेली गीता. पैशाची ओढाताण होते, मग तो पैशामागे लागतो आणि बघता बघता पूर्वीचा अविनाशच राहत नाही. घरात वस्तू येतात आणि बोलणं जातं. ती एक दिवस घर सोडते, तेव्हा त्याचे डोळे उघडतात. 'चश्मेबद्दूर' पाहिल्यावर वर्षभरानं हा सिनेमा बघताना वाटतं की अरे, हीच ती दोघं! फेस बघत उभा राहणारा तो हाच का? एकच जोडी पुन्हा बघण्याचा हा खरा फायदा. लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं, दोन्ही त्याच चेहऱ्यांवर दिसतं. आपल्या घरातल्या आल्बममध्ये दिसतं तसंच.

आणि हृषीकेश मुखर्जींचा 'रंगबिरंगी' (१९८३) तर जणू आपल्या ताईंच्या पत्रालाच उत्तर आहे. त्यात अमोल पालेकर आणि परवीन बाबी हे लग्न होऊन काही वर्षं झालेलं जोडपं. नवरा कामात बुडालेला, बायको कंटाळलेली. त्यांचा मित्र, म्हणजे देवेन वर्मा, संसारात जान यावी म्हणून एक नाटक रचतो. त्यात नवऱ्याची सेक्रेटरी दीप्ती नवल आणि तिचा प्रियकर फारुख शेख हकनाक गोवले जातात. भरीला उत्पल दत्त यांचा पोलीस अधिकारी धुरंधर भाटवडेकर! गोंधळ विचारू नका. पण हसून झाल्यावर मला एक गोष्ट जाणवली. एकाच सिनेमात एक जोडी प्रेमात पडलेली आहे आणि एक संसारात पडलेली. बघणारी नव्या जोडीचा हेवा करते, पण तिचं घर असतं जुन्या जोडीचं. आणि सगळी धडपड चाललेली असते ती जुन्या जोडीसाठी.

तशी धडपड आमच्याही घरी एकदा झाली. सांगायची नव्हती, पण कोकणातल्या ताईंनी चौथं पान लिहिलं, तर मलाही लिहायला हवं.

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका रात्री मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले, "तुम्ही माझ्याशी बोलतच नाही." हे गप्प. मग हळूच म्हणाले, "आज सकाळपासून तू मला काय काय विचारलंस, आठव." मी आठवलं. दळण आणलंत का? विजेचं बिल भरलंत का? धाकट्याची फी कधी भरायची? मावसभावाच्या लग्नात आहेर किती करायचा? चार प्रश्न, चारही कामाचे. मी तणतणत म्हटलं, "आणि तुम्ही मला काय विचारलंत?" हे हसले. "डबा झाला का, आणि किल्ली कुठे आहे." दोघंही हसलो. पण दिवा मालवल्यावर मला झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून विचारलं, "तुमच्या कचेरीत नवे साहेब आलेत, ते कसे आहेत हो?" ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का? कुणी काही सांगितलं का?" बघा, सवय मोडली की साधा प्रश्नसुद्धा चौकशी वाटतो! मी म्हटलं, "नाही, सहज." दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना हे आपण होऊन बोलू लागले. वरची जागा ह्यांना मिळायची ती दुसऱ्याला मिळाली होती. दोन महिने झाले होते. दोन महिने हा माणूस ते ओझं एकटा वागवत होता आणि मी दळण आणलंत का म्हणून विचारत होते. त्यांनी का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. मी का विचारलं नव्हतं, हेच मला पुरेसं होतं.

तेव्हापासून मी पडद्यावरच्या जोडीचा हेवा करते, पण हिशेब ठेवून करते. त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. चुकलं तर पुन्हा घेता येतं, कंटाळवाणं असेल तर कापून टाकता येतं. फारुख शेख आइस्क्रीम खात ऐकत असतो तेव्हा गॅसवर दूध नसतं, दारात इस्त्रीवाला नसतो. शिवाय ती दोघं पडद्याबाहेर नवराबायको नव्हती. एकत्र काम करता करता जी सवय होते, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याला त्याचा रोख कळतो, ती त्यांच्या कामातली सहजता. ती सवय सिनेमागणिक वाढते, म्हणून तर जोडी जुनी होईल तशी गोड लागते. मग आपण सतरा वर्षं एका छपराखाली काढली, आपल्याला ती आलीच नसेल? आली आहे. फक्त ती भाजीत मीठ किती, पंखा कितीवर, कोणत्या अंगावर झोपायचं, अशा गोष्टींत मुरून गेली आहे, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

अलीकडच्या मुलींना 'मुंबई-पुणे-मुंबई' प्यारा आहे. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचं. २०१० च्या पहिल्या भागात एक दिवस दोघं पुण्यात नुसती फिरतात आणि बोलतात. त्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत. २०१५ मध्ये त्यांचं लग्न ठरून ती बावरते, आणि २०१८ मध्ये तर अचानक दिवस राहतात आणि दोघांची तारांबळ उडते. माझी सून म्हणते, "आई, पहिलाच भाग छान." मी म्हणते, "पहिला छान असतोच गं. पण तुला-मला राहायचं असतं तिसऱ्यात."

आणि फारुख-दीप्तीचाही पुढचा भाग झाला बरं का. जवळजवळ तीस वर्षांनी, २०१३ साली, 'लिसन... अमाया' मध्ये ती दोघं पुन्हा एकमेकांसमोर बसली. ती विधवा, मोठ्या मुलीची आई, पुस्तकांचं आणि कॉफीचं एक छोटं दुकान चालवणारी. तो बायको गमावलेला छायाचित्रकार. मुलीला आईचं हे नवं नातं रुचत नाही, म्हणून घरात ताण. केस पिकलेले, चेहऱ्यावर वय आलेलं. पण ती बोलते आणि तो ऐकतो, ते मात्र तसंच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फारुख शेख गेले. तो सिनेमा आम्ही दोघांनी घरीच पाहिला. संपल्यावर हे काही बोलले नाहीत. उठले आणि चहा टाकला. दोन कप. साखर विसरले, पण मी काही बोलले नाही.

आता कोकणातल्या ताईंना आणि तुम्हा सर्वांनाच थोडं कामाचं.

ह्या रविवारी एक जुना सिनेमा निवडा आणि तो दुपारी एकटीनं बघू नका. आमटी-भात करून मोकळ्या व्हा, पोळ्यांना सुट्टी द्या. ह्यांना म्हणा, बसा माझ्याजवळ. पेंगले तर पेंगू द्या, तोही सहवासच. मध्येच "बघा, असं बोलतात बायकोशी!" हे वाक्य मात्र गिळून टाका. त्या एका वाक्यानं कितीतरी रविवार नासले आहेत.

दिवसातून एकदा, चहाच्या वेळी म्हणा, असा एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही आणि ज्यात बाजार, बिल, मुलं यांतलं काही नाही. पहिले चार दिवस त्यांना तो संशयास्पद वाटेल. वाटू द्या.

आणि रडू आलं तर कांद्यावर ढकलू नका. "मला वाटतं तुम्ही कधीतरी माझ्याशी नुसतं बोलावं," एवढं एक वाक्य बोला. पडद्यावर नायिकेच्या मनातलं नायकाला न सांगता कळतं, कारण त्याला कथा दिलेली असते. आपल्या माणसाला कुणी दिलेली नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. ज्या घरात मारहाण आहे, दारू आहे, धाक आहे, त्या घराला हा सल्ला नाही. तिथे बाईनं गोड प्रश्न विचारत बसू नये. माहेरच्यांना, शेजाऱ्यांना, पोलिसांना सांगावं. महिलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी १८१ आहे, तो फिरवावा. संध्याही शेवटी बाशूची वाट बघत बसली नाही.

ताई, तुमच्या पुढच्या पत्राची वाट बघते. ह्या वेळी चौथं पान पहिलं लिहा, कोकमं नंतर. आणि "कांदा चिरत होतीस का?" ह्याला तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही कळवा.

पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या बरण्या आणि त्यांना येणारी बुरशी.

तुमची,
ताई